हसवा, पण कुणाला?



गेल्या महिन्यात माजलगावला आपाकडे गेले होते. आठवीतल्या भाच्याने शाळेच्या गॅदरिंगमध्ये नकला करून बक्षीस मिळवलं होतं. म्हणाला, “खाला, मी मुनव्वर फारूकी होणार!”

हे नाव आता घरोघरी माहीत आहे. जुनागढमध्ये जन्मलेला, मुंबईच्या डोंगरीत वाढलेला हा मुलगा. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या कार्यक्रमात त्याला अटक झाली. हायकोर्टाने जामीन नाकारला, सुप्रीम कोर्टाने ५ फेब्रुवारीला दिला. त्याच वर्षी बंगळुरूचा कार्यक्रमही रद्द झाला. स्टेज मिळेना, तेव्हा त्याने पडदा धरला. २०२२ मध्ये ‘लॉक अप’ जिंकला आणि २८ जानेवारी २०२४ ला, स्वतःच्या वाढदिवशी, ‘बिग बॉस १७’. डोंगरीत त्याला बघायला गर्दी उसळली. त्याची हिंमत पोरांना आवडते, त्यात नवल नाही.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका कार्यक्रमात तो कोकणी माणसांबद्दल वाईट बोलून गेला. लोक चिडले, त्याला माफी मागावी लागली. कोकणी मुसलमान तर आपलेच वाचक. त्यांना काय वाटलं असेल?

मी भाच्याला विचारलं, “नक्कल कुणाची केलीस?”

“वॉचमन काकांची. ते अडखळत बोलतात ना!”

“ते होते तिथे?”

“गेटवर होते.”

आपा भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, “सुट्टीत पुण्याला मामूकडे गेलास, तेव्हा तुझ्या बीडच्या बोलीला पोरं हसली. तू दोन दिवस जेवला नव्हतास.”

पोरगं गप्प झालं.

एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावं ठेवू नका, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हसण्याला मनाई नाही. म्हणून त्याला एवढंच सांगितलं: ज्याची नक्कल करशील, तो समोर बसून मनापासून हसू शकेल, अशी कर. नाहीतर स्वतःचीच कर.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत अर्धा तास लवकर गेला. गेटवर काय बोलणं झालं, ते सांगितलं नाही. संध्याकाळी मात्र त्याने आम्हाला माझीच नक्कल करून दाखवली. चष्मा शोधणारी खाला! आपा हसून हसून बेजार. मीही.

तुमच्याकडचा नकलाकार कुणाला हसतो? एकदा विचारून बघा.