मातीचा अभ्यास कोणीं करावा?

आपल्या मुलानें वा मुलीनें पुढें काय व्हावें, असें पालकांस विचारलें असतां उत्तर बहुधा ठरलेलें असतें: डॉक्टर, इंजिनियर, नाहीं तर मुंबई-पुण्याकडे एखादी बरी नोकरी. या इच्छेंत वावगें कांहींच नाहीं. ज्यांनीं डोंगरउतारावरच्या नाचणीवर संसार काढले, त्यांनीं मुलांसाठीं नेमक्या पगाराची आशा धरावी हें स्वाभाविक आहे. तथापि वरंध, महाड, पोलादपूर या टापूंतील एखाद्या तरी बुद्धिमान विद्यार्थ्यानें मातींतील बुरशीचा अभ्यास हें आपलें जीवितकार्य मानावें, आणि पालकांनीं त्यास आडकाठी करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. हें मत कित्येकांस विचित्र वाटेल. म्हणून त्याचीं कारणें क्रमानें सांगतों.

बुरशी म्हटली कीं आपणांस शिळी भाकरी किंवा पावसाळ्यांतील अळंबी आठवते. मी जिच्याविषयीं लिहीत आहे, ती आमच्या रानांतील बहुतेक झाडांच्या मुळांशीं राहणारी बुरशी नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं, व तिला छत्रीही येत नाहीं. केसाहून कित्येक पट बारीक असे तिचे तंतु झाडाच्या मुळांत शिरतात व बाहेर मातींत पसरतात. जेथें मूळ पोंचत नाहीं तेथून ते फॉस्फरससारखीं द्रव्यें आणून झाडास देतात. झाड आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेचा वांटा त्यांस देतें. मूळ व बुरशी यांच्या अशा सोबतीस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनीं १८८५ सालीं 'मायकोरायझा' हें नांव दिलें. बुरशी व मूळ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे.

याचा आमच्या डोंगरांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. अतिपावसाच्या तांबड्या मातींत लोह व ॲल्युमिनियम यांचें प्रमाण मोठें असतें. हीं द्रव्यें फॉस्फरसाला घट्ट धरून ठेवतात, आणि भरल्या घरांत उपाशी रहावें तशी रोपाची स्थिति होते. अशा ठिकाणीं बुरशीची मदत मोलाची ठरते. परंतु वणव्यानें उतार उघडा पडला कीं वरची माती पहिल्या मोठ्या पावसांत सावित्रीच्या पात्राकडे वाहूं लागते, आणि तिच्याबरोबर ही बुरशीही जाते. मग तेथें लावलेलें रोप एकटें पडतें.

२२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. तें दुःख या तालुक्यांत कोणी विसरलेला नाहीं. बुरशीनें ती दरड थांबली असती असें म्हणणें असत्य होईल, कारण दरडीचीं कारणें खोल व अनेक असतात. पण उघडे उतार पुन्हां हिरवे करावयाचे तर कोणतें रोप कोणत्या सोबतीनें जगतें हें ठाऊक हवें. २०१९ सालीं आपल्या राज्यांत ३३ कोटि रोपें लावण्याचा संकल्प झाला होता. खड्डे मोजणें सोपें असतें; मुळाशीं काय चाललें आहे हें पाहणें कठीण, आणि तें काम शास्त्रज्ञाचें आहे.

हें काम चिकाटीचें आहे. मुळाजवळची माती पाण्यांत कालवून अतिसूक्ष्म चाळण्यांतून गाळावयाची, वर राहिलेले बीजाणु सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक निवडावयाचे, मुळें रंगवून आंतील निळे तंतु शोधावयाचे. ही बुरशी बशींत एकटी वाढत नाहीं. तिला जिवंत मूळच लागतें. म्हणून कुंडींत मका किंवा ज्वारी लावून तिच्या मुळांवर ती महिनोन्‌महिने जोपासावी लागते. चिखलांत वाकून भात लावलेल्या मुलास ही चिकाटी नव्यानें शिकवावी लागणार नाहीं.

या कामीं संयमही हवा. कॅनडांत सुझान सिमार्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं बुरशीनें जोडलेल्या दोन जातींच्या झाडांमधील कार्बनाच्या देवाणघेवाणीवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें झाडें एकमेकांशीं बोलतात येथपर्यंत लोकांनीं गोष्ट वाढविली. २०२३ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनींच, पुरावा तितका नाहीं, असें बजावलें. विद्या अशीच शुद्ध राहते.

आपल्याकडे या विद्येची परंपरा आहे. मालवणांत १८८४ सालीं जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनीं सह्याद्रीच्या नद्यांत गोड्या पाण्यांतील जेलीफिश शोधून काढला. १९४६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ज्या संशोधनसंस्थेचे ते संस्थापक-संचालक होते, तिला १९९२ पासून त्यांचेंच नांव आहे, व देशांतील बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तेथेंच आहे. गोवा विद्यापीठांत प्रा. बी. एफ. रॉड्रिग्ज यांनीं याच मूळ-बुरशीवर दीर्घकाल संशोधन केलें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत वनशास्त्राचें महाविद्यालय आहे. म्हणजे वाट घराजवळूनच सुरू होते.

ती वाट लांब आहे हें पालकांपासून लपवूं नये. पदवी, पुढील पदवी, मग कित्येक वर्षांचें संशोधन. शिष्यवृत्ति स्पर्धेनें मिळते आणि कायमच्या जागा थोड्या. परंतु हेंच ज्ञान रोपवाटिकेंत, शेतींत व वनखात्यांतही उपयोगीं पडतें. शिवाय बाहेरून दोन दिवस आलेल्या विद्वानास जें दिसणार नाहीं, तें येथल्या मुलास ठाऊक असतें: कोणता उतार कोणत्या सालीं उघडा पडला, ऐन कोठें तग धरतो, किंजळ कोठें मरतो, कोणत्या देवराईची माती पिढ्यान्‌पिढ्या कोणी खणलेली नाहीं. योग्य प्रश्न विचारण्याचें निम्में सामर्थ्य अशा माहितींत असतें.

विद्यार्थीमित्रहो, आरंभ आजही करतां येईल. उघड्या बांधावरच्या मातीनें दोन कुंड्या भरा. एकींत जुन्या झाडाखालील मूठभर माती मिसळा. देवराईंत मात्र खणूं नका. दोहोंत जांभळाचें बीं लावा, पाणी सारखें घाला, आणि दर आठवड्यास उंची व पानें मोजून जें दिसेल तेंच वहींत लिहा. एका जोडीनें कांहीं सिद्ध होत नाहीं. म्हणून दहा मुलांनीं दहा जोड्या लावाव्या. आणि त्या वहीवरून मुलाच्या मनांत एखादा प्रश्न उभा राहिला, तर पालकांनीं त्यास हंसूं नये, एवढीच माझी विनंति आहे.