यादी गुप्त, अफवा मोकाट

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ला लावलेली कात्री १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यानंतर वाचकांनी आमच्याकडे पाठवलेली नकाराची उत्तरे एका साच्यातून काढल्यासारखी आहेत: ‘मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. कलम ७(८) प्रमाणे कारणे नाहीत, कलम १० प्रमाणे देण्याजोगा भाग वेगळा काढलेला नाही आणि ८(२) चा उल्लेखही नाही. कोणी घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागितली होती, कोणी रोजगार हमीचे मस्टर, कोणी धानाच्या बोनसची यादी.

दुरुस्तीने काय गेले ते आपल्या वाचकांना शिकवायला नको. सार्वजनिक कामाशी संबंध असलेली माहिती वैयक्तिक ठरत नव्हती, तो निकष गेला. व्यापक जनहिताची वाट या खंडातून गेली. संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही, हा आपल्या भात्यातला हमखास बाणही गेला. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सेवातपशिलावरून सुरू झालेल्या गिरीश देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल जनमाहिती अधिकारी आजवर ढालीसारखा वापरत आले. आता त्यांना ढालीची गरज उरलेली नाही, असा त्यांचा समज झालेला दिसतो.

ज्या डेटा संरक्षण कायद्याने ही दुरुस्ती केली, त्यातली नागरिकाच्या माहितीचे रक्षण करणारी मुख्य कलमे अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तुमचा मोबाइल क्रमांक विकणाऱ्याला दीड वर्षाची सवड मिळाली. माहिती अधिकाराला कात्री मात्र पहिल्याच दिवशी लागली. सुनावणीनंतर काही अधिकारी खासगीत सांगतात, ‘अडीचशे कोटींचा दंड आहे साहेब, कोण अंगावर घेणार?’ त्यांनी कायदा उघडून पाहावा. दंडाचे कलमही त्या अठरा महिन्यांच्या रांगेतच आहे. शिवाय एखाद्या कायद्याने जी वैयक्तिक माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही, असे त्याच्याच कलम ३ मध्ये लिहिले आहे. आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ख) नेमके तेच बंधन घालते: अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील, अधिकाऱ्यांचे मासिक वेतन. या कलमाला कोणीही हात लावलेला नाही.

आता हा गोंधळ जमिनीवर कसा उतरतो ते पाहण्यासाठी गोंदिया तालुक्यातल्या बिरसीला जाऊ. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली, पुढे विमानतळ झाले, त्यासाठी जमिनी गेल्या. विमानतळाला खेटून असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. समजा बिरसीच्या एका माणसाला तीन गोष्टी हव्यात: भूसंपादनाच्या निवाड्याची आणि पुनर्वसनाच्या भूखंडांची यादी, विमानतळ विस्ताराचा आराखडा, आणि गावावरून घिरट्या घालणाऱ्या प्रशिक्षण विमानांबाबतचा पत्रव्यवहार. धावपट्टी एक, गाव एक. कार्यालये तीन आणि सरकारे दोन.

निवाडा जिल्हा प्रशासनाकडे. तिथे जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा, पहिल्या अपिलाला वीस रुपये, दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. आराखडा भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे केंद्राकडे. तिथे स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरणा लागतो. मर्यादा पाचशे शब्दांची, पहिले अपील फुकट, दुसरे थेट दिल्लीला. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळून दोघांचा जीव गेला. ते विमान ज्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचे, तिसरा अर्ज तिच्याकडे, आणि तिचे मुख्यालय उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे. चुकीच्या दारात अर्ज पडला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवायचा, हे राज्यांतर्गत ठीक. पण केंद्राच्या अधिकाऱ्याने राज्याच्या विषयाचा अर्ज पुढे पाठवण्याची गरज नाही, अर्जदाराला तसे कळवले की पुरे, अशी मोकळीक कार्मिक विभागाने २००८ च्या परिपत्रकात देऊन ठेवली आहे. म्हणजे धान कापणीच्या दिवसांत बिरसीच्या शेतकऱ्याने कोणती धूळ कोणत्या सरकारची हे आधी ठरवायचे आणि मग अर्ज लिहायचा.

एवढे सगळे पार करून तो यादीपर्यंत पोचला, की नवा ‘ञ’ समोर उभा. इथे तर कमाल आहे. त्याच गटाचा सातबारा कोणीही, कुठूनही, संगणकावर पाहू शकतो: धारकाचे नाव, क्षेत्र, बोजा, सगळे. रोजगार हमीचे मस्टर मजुरांच्या नावानिशी सरकारच्याच संकेतस्थळावर आहे. जमीन कोणाची होती हे जगजाहीर, तिचा मोबदला कोणी उचलला हे मात्र खासगी! धानाच्या बोनसचेही तसेच. हेक्टरी वीस हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत. ज्याच्या बांधावर कधी रोवणी झाली नाही त्याचे नाव यादीत आहे का, हे शेजारच्या बांधावरचा माणूस जेवढे ओळखेल तेवढे कोणताही लेखापरीक्षक ओळखणार नाही. त्याच शेजाऱ्यापासून यादी लपवायची असेल, तर तिचा लाभ नेमका कोणाला?

यादी मिळाली नाही म्हणून गाव गप्प बसत नाही. कागद बंद झाला की चावडीवरची आणि व्हॉट्सअॅपवरची यादी सुरू होते. अमक्याला दोन भूखंड मिळाले, तमक्याचे नाव कापले, धावपट्टी वाढणार, आणखी जमीन जाणार. बिरसीने १३ मार्च २०२२ रोजी प्रवासी विमान उतरलेले पाहिले, ती सेवा काही महिन्यांत बंद पडलेली पाहिली, मग १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीचे विमान पाहिले. प्रत्येक वळणावर खरे कारण फायलीत आणि गावात दहा कारणे. या दहांपैकी नऊ खोटी असतील. पण ती खोडायला लागणारा कागद ज्याच्या कपाटात आहे, त्यानेच गावकऱ्यांना ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे सांगावे, हा कुठला न्याय?

सरकारला खोट्या बातम्यांची चिंता आहे हे खरेच. मार्च २०२५ मध्ये राज्याने दहा कोटींची तरतूद करून माध्यमांवर लक्ष ठेवणारे केंद्र मंजूर केले. बातम्या गोळा करायच्या, त्यांची वर्गवारी करायची, दिशाभूल करणाऱ्यांचा खुलासा करायचा. केंद्र सरकारने तर आपल्याविषयीचे खरे-खोटे ठरवणारा स्वतःचाच तथ्य-तपासणी कक्ष नियमांत घातला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. खुलासे करायला पैसा आहे, यंत्रणा आहे. आणि राज्य माहिती आयोगापुढे ३० जून २०२४ अखेर १ लाख ८ हजारांहून अधिक अपिले व तक्रारी तुंबलेल्या, देशात सर्वाधिक. खुलाशावर लोक विश्वास ठेवत नाहीत, कारण मूळ कागद त्यांनी कधी पाहिलेला नसतो. सातबारा, मस्टर, निवाडा हातात असलेल्या गावाला खुलासा लागतच नाही.

दोष सगळा पलीकडचा नाही. आपल्यातले काही कार्यकर्ते उत्तराचे अर्धे पान कापून, जावक क्रमांक झाकून, वर स्वतःची लाल ओळ चिकटवून गटांवर फिरवतात. ते पान आणि बनावट परिपत्रक यांत वाचणाऱ्याने फरक कसा करावा? काही जण पाच वर्षांच्या सगळ्या फायलींच्या सगळ्या प्रती मागतात आणि नकार आला की बातमी देऊन मोकळे होतात. अपील करतच नाहीत. आणि अर्ज मागे घेण्याचा भाव ठरवणारे जे कोणी आहेत, त्यांनी या मासिकाची वर्गणी यापुढे भरू नये.

कलम ८(२) जिवंत आहे. माहिती उघड केल्याने साधणारे जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर सूट लागू असूनही माहिती देता येते. तेव्हा यापुढे प्रत्येक अर्जात दोन ओळी वाढवा: ‘ही माहिती कलम ४(१)(ख) अन्वये स्वतःहून जाहीर करावयाची आहे. नाकारावयाची झाल्यास कलम ८(२) व कलम १० बाबतचा निर्णय कारणांसह कळवावा.’ बँक खाते, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक नको, असे स्वतःच लिहा. कलम १० चा निम्मा वाद तिथेच मिटतो. नकार योग्य ठरवण्याची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे, ती सुनावणीत मोठ्याने वाचून दाखवा आणि रोजनाम्यात नोंदवून घ्या. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्ह्यातल्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. किती जण जाता? आणि निवाडा, घरकुल, बोनस यांच्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. बिरसीत मांडा, शेजारच्या कामठ्यात मांडा, आपापल्या गावात मांडा.

नव्या ‘ञ’खाली आलेला प्रत्येक नकार पूर्ण पानासह, जावक क्रमांकासह आमच्याकडे पाठवा, त्यांचा संच करून आम्ही नागपूर खंडपीठापुढे ठेवणार आहोत. मात्र त्याआधी घरातले पाकीट काढून नकाराची तारीख पाहा. पहिल्या अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, आणि तुमच्यापैकी निम्म्यांची ती या महिन्यात संपते.