सहल नव्हे, स्वारी!

पाऊस आला तर सहल पुढे ढकलता येते. पण दीड लाख सैनिकांची स्वारी?

दुसरं महायुद्ध, जून १९४४. जनरल आयझेनहॉवर यांना इंग्लंडहून समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये, जर्मनांच्या ऐन तोंडासमोर फौज उतरवायची होती. तारीख ठरली ५ जून. छत्रीधारी सैनिकांना रात्री चांदणं हवं आणि किनाऱ्यावर शत्रूनं रोवलेले अडथळे दिसायला सकाळी ओहोटी हवी. असे दिवस महिन्यात मोजकेच. आणि नेमकं वादळ! हवामानतज्ज्ञ स्टॅग यांचं ऐकून बेत एक दिवस लांबवला. मग स्टॅग म्हणाले, सहा तारखेला वारा थोडा पडेल. थोडाच, बरं का!

निघावं, तर बोटी उलटायची भीती. थांबावं, तर पुढची सोयीची ओहोटी दोन आठवड्यांनी. तोवर गुपित फुटलं तर? आयझेनहॉवर म्हणाले, निघायचं. हजारो सैनिक कामी आले, पण किनारा हाती आला. (थांबले असते, तर १९ जूनला त्याहून मोठं वादळ गाठ पडलं असतं!)

स्वारी फसलीच, तर दोष माझा एकट्याचा, अशा अर्थाची चिठ्ठीही त्यांनी लिहून पाकिटात ठेवली होती. तिच्यावर तारीख घातली ५ जुलै. जूनचा चक्क जुलै झाला!