शेवटची गाडी आणि एफसी रोड

परवा शनिवारी मामाची मुलगी कुरखेड्याहून पहिल्यांदाच पुण्यात आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुणं दाखवायचं म्हटलं की आम्हा हिंजवडीकरांना एकच रस्ता सुचतो, एफसी रोड!

फर्ग्युसनचं आवार, मागची टेकडी, भांडारकर संस्था बाहेरून, असा फेरफटका झाला. 'वैशाली'बाहेर नाव देऊन ताटकळलो. मी गाइडच्या थाटात सुरू: कॉलेज १८८५ चं, संस्था १९१७ ची, महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथलीच वगैरे वगैरे. पोरीचं लक्ष भलतीकडेच. रात्रीचे साडेआठ वाजले तरी कट्ट्यावर पोरं-पोरी तावातावाने बोलत होती.

"दादा, यायले शेवटच्या गाडीचं टेन्शन नाही काय?"

मी हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आमच्याकडे कॉलेज आहे. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठही आहे. त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. पण लेक्चर संपलं की अर्धा वर्ग एसटी स्टँडकडे पळतो. गाडी चुकली तर पुढे जंगलातला रस्ता. मग वाद घालायला, लायब्ररीत रेंगाळायला उरतं कोण?

पुणेरी मित्र म्हणतात, "अरे, फर्ग्युसनला किती वर्षं झालीत!" मान्य. पण फर्ग्युसनही सुरुवातीला शहरातल्या एका वाड्यातच भरायचं. नुसतं वय वाढून कट्टे तयार होत नाहीत. चालत जाता येईल असं होस्टेल, परवडणारी मेस, रात्री उघडी अभ्यासिका, हे लागतं. आणि आमची माणसं लवकर झोपणारी आहेत म्हणाल, तर वडसा भागात येऊन बघा. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्रभर चालतात, तंबू खच्चून भरलेला असतो!

म्हणून मला वाटतं, विद्यापीठाच्या नव्या इमारतींइतकंच गाड्यांचं टाइमटेबल आणि होस्टेलच्या खाटा महत्त्वाच्या आहेत. त्यावर बातमी होत नाही, एवढंच.

रात्री मामीचा फोन आला. "एम.ए.ले हिले पुण्यात ठेवू काय?" मी पटकन "पाठवा" म्हणालो. मीही असाच निघून आलो होतो. आता तीही आली की तिकडचा कट्टा आणखी एका माणसाने रिकामा.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?