परदेशी कार्यालय : आधी साखर, मग पाटी



अलीकडे गटागटांतून फिरताना एक विचारणा वारंवार कानावर येते. "साहेब, आपली साखर व्यापारी घेतो, दुबईला विकतो अन् मधला पैसा खातो. मग कारखान्यानंच दुबईत ऑफिस का काढू नये? आपली दोन पोरं तिथं बसतील, थेट सौदा करतील." विचारणा रास्त आहे. मधला दलाल दूर व्हावा म्हणूनच तर आपण सहकाराची कास धरली. वार्षिक सभेतही हा विषय निघण्याचा संभव आहे. सबब त्याचा शांतपणे विचार व्हावा म्हणून हे चार शब्द. माझे मत आधीच सांगतो. एकट्या कारखान्याने परदेशात कार्यालय काढू नये. काढायचे तर अनेकांनी मिळून काढावे, आणि तिथे माणूस पाठवायचा तो रीतसर कामाच्या व्हिसावरच पाठवावा.

प्रथम साखरेचे पाहू. दुकान मांडायचे तर माल बारमाही लागतो. निर्यात मात्र आपल्या मर्जीवर नाही. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून केंद्र सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले. पुढच्या हंगामात कोटा आला तो सुमारे ६० लाख टनांचा, आणि २०२३-२४ मध्ये तर निर्यात बंदच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये १५ लाख टनांना. २०२३-२४ मध्ये आपले दुबईचे कार्यालय असते, तर तिथल्या माणसाने वर्षभर काय विकले असते?

जानेवारी २०२५ चा कोटा कारखान्यांना तीन वर्षांच्या सरासरी उत्पादनाच्या ३.१७४ टक्के या प्रमाणात वाटला गेला. ज्या कारखान्याचे सरासरी उत्पादन १० लाख क्विंटल, त्याच्या वाट्याला ३१,७४० क्विंटल. म्हणजे ३,१७४ टन, सुमारे सव्वाशे कंटेनर. १२० दिवसांचा हंगाम धरला तर ही चार दिवसांची साखरही नव्हे. तिकडे जेबेल अली बंदरातल्या अल खलीज रिफायनरीची क्षमता वर्षाला १५ लाख टनांची आहे. असले गिऱ्हाईक कच्ची साखर बोटीच्या मापाने घेते. आपले तीन हजार टन बोटीच्या एका कोपऱ्यातही उठून दिसायचे नाहीत.

आता कार्यालयाचे. प्रतिनिधी कार्यालय म्हणजे दुकान नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत अशा कार्यालयाला मालाची ओळख करून देणे, गिऱ्हाईक शोधणे, बाजाराची माहिती गोळा करणे एवढेच करता येते. स्वतः विक्री करून बिल फाडता येत नाही. त्यासाठी निराळा परवाना, निराळी कंपनी लागते. पैसे पाठवण्याला आपल्याकडे फारशी आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या नियमावलीत परदेशी कार्यालयाच्या सुरुवातीच्या खर्चासाठी मागील दोन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १५ टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या २५ टक्के, यांत जी रक्कम जास्त तेवढी पाठवण्याची मुभा दिली. चालू खर्चाला सरासरी उलाढालीच्या १० टक्के. आणि मला भीती वाटते ती या मुभेचीच. पाठवता येतात म्हणून पाठवले, असे होऊ नये. एफआरपी चौदा दिवसांत द्यायची, नाही तर १५ टक्के व्याज, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उसाचे बिल थकवून परदेशात भाडे भरणे कोणत्या सभासदाला रुचेल?

राहता राहिला माणसांचा प्रश्न. विमानाचे तिकीट काढले की काम झाले, असे नाही. अमिरातीत कामाचा परवाना मालकाच्या, म्हणजे त्या कार्यालयाच्या नावावर निघतो. जागा केवढी, यावर किती जणांना व्हिसा मिळणार हे ठरते. कौशल्याच्या पदासाठी पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, आणि मग मुदतीचा रहिवासी परवाना. मुदत सरली की पुन्हा खर्च.

यावर कोणी म्हणेल, "कशाला एवढा खटाटोप? फिरायच्या व्हिसावर पाठवा, दोन महिने काम करून येईल." हे मात्र मुळीच करू नये. ऑगस्ट २०२४ पासून तिथे परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. दंड कारखान्याच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून जाईल, आणि पोरगं परमुलखात अडकेल ते वेगळंच. ज्याला पाठवायचे तो सभासदाचाच मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांच्या कागदपत्रांत आपण काटकसर करू नये.

मग सहकाराने परदेशात जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. ज्या इफ्कोच्या खताची पोती आपण सोसायटीतून उचलतो, त्या इफ्कोने २००५ साली जेबेल अलीच्या मुक्त व्यापार क्षेत्रात किसान इंटरनॅशनल ट्रेडिंग ही स्वतःची कंपनी काढली. पण इफ्कोचा पसारा देशभराचा. खताचा कच्चा माल तिला बोटीच्या बोटी लागतो. तिथला माणूस रिकामा बसत नाही. तेवढे काम असेल तेव्हा कार्यालय शोभते.

आपल्याला वाट आहे ती एकत्र येण्याची. सहकारी संस्थांचा माल परदेशी पाठवण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड ही बहुराज्यीय संस्था नोंदवली गेली. इफ्को, कृभको, नाफेड, अमूलचा गुजरात दूध महासंघ आणि एनसीडीसी हे तिचे प्रवर्तक आहेत. सहकारी संस्थांना तिचे सभासद होता येते. संचालक मंडळाने तिच्याशी बोलणी करावीत, शेजारच्या कारखान्यांना बरोबर घ्यावे, आणि सर्वांची साखर एका मापात विकता येते का ते पाहावे. दहा-वीस कारखाने मिळून एक टेबल, दोन माणसे, रीतसर व्हिसा, आणि त्याचा सालाचा हिशेब प्रत्येकाच्या अहवालात छापलेला. असे असेल तर माझ्यासारखा शेतकी खात्यातला माणूसही सभेत हात वर करील.

तोवर जे काम आपल्या हातात आहे ते करू. रंगाचा इकुम्सा आकडा जितका कमी तितकी साखर पांढरी. आपली नेहमीची पांढरी साखर १०० ते १५० च्या घरातली, तर जगाच्या बाजारात रिफाइंड म्हणून मिरवते ती ४५ ची. कच्च्या साखरेत डेक्स्ट्रान वाढले की रिफायनरीवाला नाक मुरडतो, आणि डेक्स्ट्रान वाढते ते तोडून पडलेल्या शिळ्या उसात. परदेशातला गिऱ्हाईक कार्यालयाची पाटी वाचत नाही, नमुना तपासतो. तो नमुना तुमच्या फडात तयार होतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पोचवा, पाचट-मुळ्यांसह मोळी बांधू देऊ नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच, पण अंथरूण वाढवायचे ते असे बांधावरून.

सभेत हा ठराव आला, तर हात वर करण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा : विकायला साखर किती, आणि जाणारा माणूस कोणत्या व्हिसावर जाणार?

आपला,
ऊस विकास अधिकारी