परोपकाराची सहल

शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं उन्हाळ्याच्या सुटींत उष्ण कटिबंधांतील एखाद्या दूरच्या देशीं जावें, तेथें दोन-तीन आठवडे राहून सकाळीं त्या देशाची भाषा शिकावी, दुपारीं 'सेवा' करावी, शनिवार-रविवारीं अरण्यें व ज्वालामुखी पर्वत पाहावेत, आणि परततांना सेवेच्या तासांचें एक प्रमाणपत्र बरोबर आणावें, अशी एक पद्धति अमेरिकेंत चांगलीच रूढ झाली आहे. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका हा चिमुकला देश या पद्धतीचें आवडतें क्षेत्र होय. आपल्याकडील ज्या शाळांतून परदेशी अभ्यासक्रम शिकविले जातात, त्यांच्या द्वारें ही हवा आतां मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु घरांतही येऊन पोहोंचली आहे; आणि ज्या घरांत मुलाला असें पाठविण्याची ऐपत नाहीं, तेथेंही आपण आपल्या मुलाच्या हिताला मुकत तर नाहीं ना, अशी रुखरुख ऐकूं येऊं लागली आहे. म्हणून या प्रकाराची थोडी झडती घेणें अवश्य झालें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें परक्या देशीं जावें, परक्या घरीं जेवावें, परकी भाषा चुकत-माकत बोलावी, यासारखें शिक्षण नाहीं. त्याविरुद्ध आमचा एक शब्दही नाहीं. परंतु त्याच मुलाला विद्यार्थी म्हणून न पाठवितां उपकारकर्ता म्हणून पाठविणें ही त्या मुलाची फसवणूक आहे, आणि यजमान देशाचा अपमान आहे.

हा यजमान आहे तरी कोण? कोस्टा रिकाची लोकसंख्या सुमारें ५० लाख, म्हणजे एकट्या पुणें जिल्ह्याहूनही कमी. या देशानें १९४८ सालीं आपलें सैन्य बरखास्त केलें, आणि १९४९ च्या राज्यघटनेंत स्थायी सैन्य ठेवावयाचें नाहीं असें कलमच घालून टाकलें. सामाजिक विम्याची संस्था तेथें १९४१ सालीं स्थापन झाली, व तिच्या द्वारें आरोग्यसेवा हळूहळू देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या मानानें पुष्कळच कमी असतांही तेथील माणसाचें सरासरी आयुर्मान अमेरिकन माणसाहून कमी नाहीं. किंबहुना थोडें अधिकच आहे. लिहितां-वाचतां न येणारा मनुष्य तेथें क्वचितच आढळतो. अशा देशांत अमेरिकेचा शाळकरी मुलगा 'मदत' करावयास जातो! कमी पैशांत निरोगी कसें राहावें आणि सैन्यावांचून राज्य कसें चालवावें, हें ज्यांच्यापाशीं शिकावयाचें, त्यांच्याच शाळेची भिंत रंगवून त्यांचा उद्धार केल्याचें समाधान घेऊन तो परत येतो. यांत गुरु कोण आणि शिष्य कोण, याचाच उलगडा त्याला शेवटपर्यंत होत नाहीं.

भिंत रंगविण्याचें उदाहरण आम्हीं केवळ थट्टेनें घेतलेलें नाहीं. या सहलींतून दिल्या जाणाऱ्या कामांत भिंत रंगविणें, कुंपण घालणें, खेळाचें मैदान साफ करणें, लहान मुलांना इंग्रजीचे चार शब्द शिकविणें, हींच कामें वारंवार दिसतात. ज्यानें घरीं कधीं रंगाचा ब्रश हातांत धरला नाहीं, त्यानें तो परदेशीं जाऊन धरावा, यांत भिंतीचें हित तें काय? त्या गांवांतही रंगारी असतो, गवंडी असतो, शिकलेला पण नोकरी न मिळालेला तरुण असतो. एका मुलाच्या विमानभाड्यांत त्या रंगाऱ्यानें किती भिंती रंगविल्या असत्या, याचा हिशेब वाचकांनींच करावा. शिवाय पाहुण्यांसाठीं काम शोधून ठेवणें, हत्यारें देणें, उन्हानें कोणाला घेरी आली तर धांवणें, हीं सगळीं कामें यजमानांच्याच गळ्यांत पडतात. घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें, अशांतला हा प्रकार. मात्र या घोड्याबरोबर पैसे येतात, म्हणून यजमान हंसतमुखानें त्याला चारापाणी घालतात.

वृक्षारोपणाची कथा तर याहून बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला कोस्टा रिकाचा बहुतेक भाग अरण्यानें व्यापलेला होता. १९८० नंतरच्या दशकांत तें अरण्य सुमारें एक चतुर्थांश भूमीपुरतें उरलें. तें इतक्या वेगानें कां तुटलें, याचीं कारणें अनेक असलीं तरी त्यांतील एक प्रमुख कारण गुरांचीं कुरणें हें होतें. आणि त्या कुरणांवर पोसलेल्या गुरांचें मांस मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या बाजारांत जात होतें. ज्यांच्या आजोबांच्या पानांत तें स्वस्त मांस पडलें, त्यांचे नातू आतां त्याच उजाड कुरणांत दहा-दहा रोपें लावून छायाचित्रें काढून घेतात. रोप लावणें वाईट नाहीं; पण अरण्य परत आलें तें या रोपांनीं नव्हे. मांसाचा धंदा उतरणीला लागला, आणि १९९६ च्या वनविषयक कायद्यानें अरण्य राखणाऱ्या जमीनमालकाला इंधनावरील कराच्या उत्पन्नांतून मोबदला देण्याची व्यवस्था त्या देशानें स्वतः केली. आज तेथील निम्म्याहून अधिक भूमि पुन्हां वृक्षाच्छादित आहे. नातवानें तेथें जाऊन शिकण्यासारखी गोष्ट हा कायदा आहे, आणि आपल्या आजोबांच्या पानाचा इतिहास आहे. पण कुदळ हातांत देणें सोपें, आणि इतिहास हातांत देणें अवघड!

यावर कोणी म्हणेल, सगळीच सेवा अशी पोकळ नसते. हें आम्हांस मान्य आहे. कॅरिबियन समुद्राच्या किनाऱ्यावर रात्रीच्या वेळीं कासवी अंडीं घालावयास येतात. त्यांची नोंद ठेवणें, मापें घेणें, अंडीं चोरांच्या हातीं लागण्यापूर्वीं सुरक्षित जागीं हलविणें, या कामाला हंगामांत खरोखरच पुष्कळ माणसें लागतात, आणि थोड्या शिकवणुकीनें नवखा मनुष्यही तें करूं शकतो. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर असें काम गेल्या शतकाच्या मध्यापासून चाललें आहे. परंतु या कामाचा खरा भार कोणाच्या खांद्यावर असतो? हायरो मोरा सांदोवाल हा २६ वर्षांचा कोस्टा रिकन तरुण मोईनच्या किनाऱ्यावर अंडीचोरांपासून कासवांचें रक्षण करीत असे. ३१ मे २०१३ रोजीं त्याचा खून झाला. त्या रात्रीं त्याच्याबरोबर असलेल्या चार परदेशी स्वयंसेविका जीव वांचवून सुटल्या, हें देवाचे उपकारच. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं; उलट त्यांच्या धैर्याचें कौतुक आहे. पण पाहुणा आपल्या देशीं परत जाऊं शकतो, आणि ज्याचा किनारा आहे त्याला परत जाण्यास दुसरी जागा नसते. सेवा आणि सहल यांतील अंतर तें एवढेंच. ज्याला हें अंतर कळलें, तो 'मीं कासवें वांचविलीं' असें कधींही लिहिणार नाहीं. 'जे वांचवितात त्यांच्या हाताखालीं मीं चार रात्रीं काम केलें' असें लिहील.

भिंती आणि कासवें यांच्या बाबतींत चूक झाली तर फार बिघडत नाहीं. माणसाच्या पोराविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. यासाठीं वाचकांस क्षणभर आग्नेय आशियांतील कंबोडियाकडे नेतों, कारण तोही या सेवेच्छु प्रवाशांचा आवडता देश आहे. तेथील सरकार व युनिसेफ यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २००५ ते २०१० या पांच वर्षांत अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनीं वाढली. आणि त्यांत राहणाऱ्या दर चार मुलांपैकीं सुमारें तीन मुलांचे आई किंवा बाप हयात होते. अनाथ वाढले नव्हते. अनाथांस भेटावयास येणारे वाढले होते. दयाळू प्रवासी आला कीं देणगी येते, देणगीसाठीं संस्था हवी, आणि संस्थेसाठीं मुलें हवींत. मग गरीब आईला शिक्षणाचें आमिष दाखवून तिचें मूल आणावयाचें. दर पंधरवड्याला एक नवी ताई येते, त्या मुलाला कडेवर घेते, त्याला लळा लावते, आणि रडत निघून जाते. तिचें रडणें खरें असतें, यांत संशय नाहीं. पण विमानांत बसल्यावर तें थांबतें, आणि त्या मुलाला पुढच्या पंधरवड्यास पुन्हां नव्यानें लळा लावावयाचा असतो. ही दया नव्हे. ही दयेची बाजारपेठ आहे.

मग हा बाजार चालतो कशावर? आमच्या मतें तो मुख्यतः विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांवर चालतो. परदेशी विद्यापीठाच्या अर्जांत 'उष्ण प्रदेशांतील गरिबांची सेवा' ही ओळ शोभून दिसते, असा पालकांचा समज आहे. थोडक्यांत, आवळा देऊन कोहळा काढण्याची ही युक्ति. पण हा समजही आतां टिकण्यासारखा नाहीं. हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र-विभागांतून २०१६ सालीं निघालेल्या एका अहवालांत प्रवेशाधिकाऱ्यांस असें सुचविण्यांत आलें, कीं दूरदेशींच्या दिखाऊ सेवेपेक्षां आपल्या समाजांत दीर्घकाळ चिकाटीनें केलेल्या कामास, इतकेंच काय, घरांतील जबाबदाऱ्या पार पाडण्यासही, अधिक महत्त्व द्यावें. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमांत सेवेचा अनुभव आवश्यक मानला आहे, हें खरें. परंतु तो परदेशींच घ्यावा, असें त्यांत कोठेंही सांगितलेलें नाहीं.

ही टीका नवी आहे असेंही नाहीं. १९६८ च्या एप्रिलांत मेक्सिकोंतील कुएर्नावाका या गांवीं इव्हान इलिच या विचारवंत धर्मगुरूनें तेथें जमलेल्या अमेरिकन सेवेच्छु विद्यार्थ्यांस तोंडावर सांगितलें, कीं पाहावयास या, शिकावयास या, परंतु उपकार करावयास येऊं नका. बोलणें कडवट होतें. तें ऐकणाऱ्यांत प्रामाणिक मुलें होतीं. पण अर्ध्या शतकानंतरही तें खोटें ठरलेलें नाहीं.

परदुःखाची कळकळ असलेल्या मुलानें मग करावें तरी काय? याचेंही उत्तर कोस्टा रिकांतच आहे. १९८७ सालीं स्वीडनमधील एका खेड्यांतल्या प्राथमिक शाळेंतील मुलांनीं तेथील अरण्यांच्या नाशाविषयीं ऐकलें, आणि आपण तें अरण्य विकत कां घेऊं नये, असा प्रश्न विचारला. त्यांनीं पैसे जमविले व माँटेव्हर्दे येथील संरक्षक संस्थेकडे पाठविले. त्यांतून आधीं कांहीं एकर जमीन घेतली गेली. पुढें देशोदेशींच्या मुलांनीं भर घातली. आणि आज 'मुलांचें शाश्वत अरण्य' या नांवानें सुमारें २२,००० हेक्टर वन तेथें उभें आहे. ज्या मुलांनीं तें आरंभिलें, त्यांना त्यासाठीं विमानांत बसावें लागलें नाहीं, किंवा कोणाची भिंत रंगवावी लागली नाहीं. काम करणारे तेथलेच होते. मुलांनीं त्यांच्यावर विश्वास टाकला.

आपण महाराष्ट्रीयांनीं तर या बाबतींत विशेष सावध असावें. कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेकडून जातें आणि आपण स्वतःच उष्ण कटिबंधांत राहतों. पाश्चात्य देशांतील जाहिरातींत 'सेवेसाठीं' म्हणून जीं खेडीं दाखविलीं जातात, त्यांत आपलींही असतात. आपल्या गांवच्या शाळेंत कोणी परका पोरगा येऊन आपल्यावर उपकार केल्याची छायाचित्रें काढील, तर आपणांस तें रुचेल काय? जें आपणांस रुचणार नाहीं, तें आपल्या मुलाकरवीं दुसऱ्याच्या दारीं कां करवावें? आणि कासवांचीच आवड असेल तर रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें तेथें २००२ सालापासून कासवांचीं घरटीं राखण्याचें काम आरंभिलें, आणि तेथील घरांतून पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोयही होते. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा कशासाठीं?

तरीही ज्यांस मुलांना परदेशीं पाठवावयाचें असेल, त्यांनीं खुशाल पाठवावें. पण निघण्यापूर्वीं त्याला त्या देशाची भाषा निदान सहा महिने शिकूं द्यावी, त्या देशाचा इतिहास वाचावयास लावावा, जेथें लहान मुलें दाखविण्यासाठीं ठेवलेलीं असतात तेथें पाऊल टाकूं देऊं नये, आणि यजमानास त्याच्या पाहुणचाराचा व शिकवणुकीचा पुरता मोबदला द्यावा. परत आल्यावर 'तूं तेथें काय दिलेंस?' असें त्याला विचारूं नये. 'तूं तेथें कोणाकडून काय शिकलास, आणि त्याचें नांव काय?' एवढेंच विचारावें. ज्या मुलाला त्या माणसाचें नांवही सांगतां येत नाहीं, त्याचें प्रमाणपत्र कितीही तासांचें असो, त्याचा प्रवास फुकट गेला असें खुशाल समजावें.