घरात गाणं हवं, गिरणी नको!

मैत्रिणींनो, साधा मिक्सर घ्यायचा झाला तरी आपण चार दुकानं पालथी घालतो. पण घरात गाण्याचे स्पीकर यायचे म्हटलं, की ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय?’ म्हणून मोकळ्या होतो. मीही तशीच मोकळी झाले होते. दिवाळीत मुलानं स्पीकरची जोडी आणि सोबत भला थोरला सबवूफर आणला. घरात सगळी खूष! आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं, की सकाळी अभंग लागले की सासूबाई उठून आतल्या खोलीत जातात. विचारलं तर म्हणाल्या, “अगं, शब्दच कळत नाहीत. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं.” ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचा विरंगुळा तो काय, सकाळचा तासभर! तोही आम्ही पैसे मोजून घालवला होता.

मग मात्र मी पदर खोचला. जे शिकले ते तुम्हांला सांगते.

आधी खरेदीचं. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचं जे काम, तेच सबवूफरचं. तो फक्त खर्ज देतो. गळा, पेटी, सतार, गाण्याचे शब्द हे सारं दोन स्पीकरांतूनच येतं. म्हणून पैसे बेताचे असतील तर आधी जोडी चांगली घ्या. सबवूफर पुढच्या वर्षी आला तरी अडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीला ५ इंची वूफरची जोडी बहुधा पुरते. काही स्पीकरांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो, काहींना तो वेगळा घ्यावा लागतो. तो खर्च आधीच धरा, आणि पुढे सबवूफर जोडायची सोय आहे ना, तेही विचारून ठेवा.

खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांतला आकडा दिसला तर भुलू नका. तो फुगवलेला असतो. ‘आरएमएस’ वॅट किती, ते विचारा. दुकानात आपलं रोजच्या ऐकण्यातलं गाणं लावायला सांगा. दोन जोड्या ताडून पाहताना आवाज सारखाच ठेवायला लावा बरं का! जे जरा मोठ्यानं वाजतं तेच कानाला गोड वाटतं. जुनी जोडी घेणार असाल तर शंकूभोवतीची फोमची कड भुसभुशीत झालेली नाही ना, ते नीट पाहा.

आता मांडणी. दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा त्रिकोण साधारण सारख्या बाजूंचा हवा. वरचा लहान स्पीकर, म्हणजे ट्विटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. शोकेसमध्ये कपबशांच्या मागे कोंबू नका. तारा जोडताना लाल ती लालला, काळी ती काळीला. एका बाजूला उलटसुलट झालं, तर खर्ज पार पातळ होतो.

सबवूफरची मात्र वेगळी तऱ्हा. आम्ही तो कोपऱ्यात सारला होता, झाडू मारायला सोयीचा म्हणून. तिथंच चुकलं! कोपऱ्यात भिंतींवरून आवाज परततो आणि खर्ज नको इतका घुमतो. जागा शोधायची युक्ती सोपी आहे. दोघांनी उचलून तो तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ठेका असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं खाली वाकून ऐकत फिरा. मी साडी सावरत गुडघ्यांवर फिरले, नातवंडांना फुकटचा तमाशा! जिथं ठेका घुमतही नाही आणि नाहीसाही होत नाही, तीच त्याची जागा.

मागे ‘क्रॉसओव्हर’चं बटण असतं, ते ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याखालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून खोकं कुठंही असलं तरी चालतं. स्पीकर अगदीच लहान असतील तर १०० ते १२० पर्यंत न्यावं लागतं. ‘फेज’ची कळ ० आणि १८० अशी दोन्हीकडे फिरवून पाहा, बसल्या जागी ठेका भरीव वाटेल तिथं राहू द्या. शेवटी आवाज. शून्यापासून हळूहळू वाढवा, आणि ‘हा वाजतोय’ असं जाणवू लागलं की किंचित मागे या. आमटीतल्या गुळासारखं आहे हे. घातलाय हे कळू नये, पण नसला तर चुकल्यासारखं वाटावं.

वयोमानानं आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. शब्दांतले ‘स’, ‘त’, ‘फ’ त्यांतच येतात. वर खर्जाचा लोंढा आला की उरलेलंही बुडतं. सासूबाईंचं नेमकं हेच झालं होतं. खर्ज भिंतीतूनही पार जातो, तेव्हा शेजारच्या सामाईक भिंतीपासून खोकं दूर ठेवा आणि रात्री दहानंतर त्याचा आवाज अगदी बारीक करा.

आता सकाळी सासूबाई लसूण सोलायला घेऊन बाहेरच बसतात. परवा गाणं चालू असताना मी भांडी घासत होते, तर मलाच दटावलं, “जरा हळू गं, शब्द ऐकू दे!”